चिंचोके टाकून बघा, सूत्र मग सांगा

मागच्या अंकात या पानावर मी सहज लिहून गेलो होतो की एका नाण्याची, एका फाशाची संभाव्यता, म्हणजे एखादी गोष्ट घडायची शक्यता किती ते, पोरांना पाच मिनिटांत कळते, खरी गंमत दोन गोष्टी एकत्र आल्यावर सुरू होते. झालं, तेवढ्या एका वाक्यावर पत्रं काय, व्हॉट्सॲप काय, एका गृहस्थांनी तर लातूरच्या बसस्टँडवर गाठून विचारलं. सगळ्यांना उत्तरं द्यायची तर अख्खा अंक लागेल, म्हणून पाच पत्रं निवडलीत.

प्रश्न : मी औसा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला गणित शिकवते. संभाव्यता आपल्याकडं रीतसर दहावीलाच येते, पण आधीच थोडी गोडी लागावी म्हणून मी दोन नाणी टाकायचा खेळ घेतला. काय काय येऊ शकतं असं विचारलं तर सगळा वर्ग एका सुरात, "दोन छापे, दोन काटे, नायतर एक-एक." म्हणजे प्रत्येकाची शक्यता तीनात एक. मी म्हटलं चार प्रकार आहेत, तर म्हणायलेत, मॅडम, छापा-काटा काय अन् काटा-छापा काय, एकच की. मला काही पटवून देता आलं नाही. वरून फासे आणि पत्ते वर्गात आणले म्हणून एका पालकानं "पोरांना जुगार शिकवायलेत" अशी तक्रार केली. आता काय करू?

मॅडम, पहिली गोष्ट, पोरं काही मठ्ठ नाहीत. फ्रान्समधे डालेंबेर नावाचा भला मोठा गणिती होऊन गेला, त्यानं 1754 साली विश्वकोशात जवळपास हेच लिहून ठेवलंय. दोनदा नाणं टाकलं तर निदान एकदा छापा यायची शक्यता किती, तर म्हणे तीनात दोन. त्याचा हिशेब असा की पहिल्यालाच छापा आला तर दुसऱ्यांदा टाकायचंच कशाला, म्हणून तीनच प्रकार, छापा, काटा-छापा, काटा-काटा. तीन प्रकार बरोबर आहेत हो, पण ते तिन्ही सारख्या वजनाचे नाहीत, पहिल्यालाच छापा हा एकटाच निम्म्या वेळा येतो, बाकीचे दोन पाव-पाव, म्हणून खरं उत्तर चारात तीन. तुमच्या सातवीनं तीच चूक केली, म्हणजे चांगल्या संगतीत आहे म्हणा.

आता पटवायचं कसं. दोन सारखी नाणी घेतलीत ना, तिथंच घोळ झाला. एक रुपयाचं एक आणि पाच रुपयांचं एक घ्या. आता विचारा, रुपयावर छापा आणि पाचावर काटा, हे आणि रुपयावर काटा, पाचावर छापा, हे एकच का? एकही पोरगं एकच म्हणणार नाही, कारण आता नाणी वेगळी दिसायलीत. मग हळूच म्हणायचं, नाण्याला काय माहीत आपण त्याच्याकडं बघून सारखं म्हणतो का वेगळं. नाणी सारखी दिसली म्हणून ती पडायची पद्धत थोडीच बदलती.

पण मॅडम मी तुमच्या जागी असतो तर नाण्यानं सुरुवातच केली नसती, चिंचोक्यानं केली असती. आपल्याकडं अजून गावोगावी अष्टाचंग खेळतात, नाव गावागणिक बदलतं ते सोडा. चार चिंचोके दगडावर एका बाजूनं घासून पांढरे करायचे, ओंजळीत घोळवून टाकायचे, जितके पांढरे वर तितकं दान. चारही पांढरे म्हणजे चंग, चार घरं. चारही काळे म्हणजे अष्टा, आठ घरं. अन् या दोन्ही दानांना परत टाकायला मिळतं. आता वर्गाला विचारा की दानं किती, पाच. मग चंग पाचात एकदा यायला पाहिजे ना? खेळलेलं पोरगं लगेच नाही म्हणून मान हलवतं, कारण चंगासाठी किती ताटकळावं लागतं हे त्याला माहिती असतं. मी एका वर्गात हे विचारलं तेव्हा मागच्या बाकावरची एक पोरगी, एरवी तोंड उघडायची नाही, ती म्हणाली, "सर, दोनच लै पडतंय, आजी म्हणती दोन म्हणजे गरिबाचं दान." त्या दिवशी मला शिकवायला काही उरलंच नव्हतं, फक्त "लै" म्हणजे किती ते मोजायचं होतं.

मोजायचं असं. चारही चिंचोक्यांच्या पांढऱ्या बाजूला स्केचपेननं ठिपका द्यायचा, लाल, निळा, हिरवा, पिवळा. आता दान "एक" म्हणजे एकच पांढरा, तो कोणता? लाल, निळा, हिरवा नाहीतर पिवळा, चार तऱ्हा. दान "तीन" म्हणजे एकच काळा, तो कोणता, परत चार तऱ्हा. दान "दोन" ला जोड्या लावायला लागतात, लाल-निळा, लाल-हिरवा, लाल-पिवळा, निळा-हिरवा, निळा-पिवळा, हिरवा-पिवळा, सहा झाल्या. चंग एकाच तऱ्हेनं, अष्टा एकाच तऱ्हेनं. एक, चार, सहा, चार, एक, बेरीज सोळा. म्हणजे चंग पाचात एक नाही, सोळात एक. दोनचं दान सोळात सहा. आजीचं गरिबाचं दान ते हेच.

ही यादी फळ्यावर तुम्ही लिहू नका, पोरांना लिहू द्या, चुकू द्या, कुणाच्या जोड्या पाच येतील, कुणाच्या सात, त्यांच्यातच भांडण लागू द्या. आणि यादीच्या आधी टाकायला लावा. एका गटानं दहा-दहा वेळा टाकलं, सोळा गट केले, की 160 दानं झाली. हिशेबानं त्यात चंग दहा यायला पाहिजेत आणि दोनची दानं साठ. तंतोतंत येणार नाहीत, आमच्या वर्गात चंग सातच आले होते आणि पोरं "सर तुमचं चुकलं" म्हणून खूश झाली होती. येऊ द्या. सातही आणि तेराही येऊ शकतात हे कळणं म्हणजेच अर्धी संभाव्यता.

एक मेख आहे ती सांगून ठेवतो. चिंचोका काही नाण्यासारखा सपाट नसतो, घासलेली बाजू चपटी, दुसरी फुगीर, त्यामुळं तो एकाच बाजूवर जास्त पडतो का हे आधी बघायला पाहिजे. एकच चिंचोका पन्नासदा टाका. पांढरं पंचवीसच्या जवळपास आलं तर आपला सोळाचा हिशेब चालवून घ्या. पस्तीस-चाळीस आलं तर सोळाही तऱ्हा सारख्या वजनाच्या राहत नाहीत. दहावीच्या पुस्तकात "समसंभाव्य निष्पत्ती", म्हणजे सारख्या वजनाच्या तऱ्हा, हा शब्द येतो ना, पोरं पाठ करतात अन् विसरतात, त्याचा अर्थ या एका चिंचोक्यात आहे.

राहिली जुगाराची तक्रार. पालकांचं अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही. पत्त्याचा तर मी मुळातच विरोधक, ज्या पोरीनं उभ्या जन्मात पत्ते हातात धरले नाहीत तिला "बावन्न पत्त्यांतून लाल राजा" विचारायचं, म्हणजे आधी पत्ते शिकवा मग गणित. चिंचोक्याला कुणी जुगार म्हणणार नाही. अन् तरी कुणी म्हणालंच तर महाभारतातल्या नळाची गोष्ट सांगा. द्यूतात सगळं घालवलेला नळ ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो, तो राजा वाटेत बेहड्याच्या झाडाकडं बघून पानं अन् फळं किती ते सांगतो, नळ खाली उतरून मोजतो तर आकडा बरोबर निघतो, मग नळ त्याच्याकडून ती विद्या शिकतो अन् घालवलेलं राज्य परत जिंकतो. त्या काळी फाशासाठी बेहड्याच्याच बिया वापरत. मोजता न येणारा हरला, मोजायला शिकल्यावर जिंकला, एवढं पालकसभेत सांगितलं तरी पुरे.

प्रश्न : मी आठवीत आहे, अंबाजोगाईला राहतो. दोन नाण्यांचे चार प्रकार होतात हे कळलं. मग तीन नाण्यांचे सहा व्हायला पाहिजेत ना? दोन, दोन, दोन म्हणजे सहा. सर म्हणतात आठ.

तुझे सर बरोबर आहेत बाळा, पण तू विचारलंस ते त्याहून बरोबर. दोन नाण्यांना दोन अधिक दोन पण चार अन् दोन गुणिले दोन पण चार, म्हणून तिथं कळतच नाही की आपण मिळवलं का गुणलं. तिसरं नाणं आल्यावर पितळ उघडं पडतं.

असं बघ. दोन नाण्यांच्या चार तऱ्हा वहीत लिहून ठेव. तिसरं नाणं आलं की त्या प्रत्येक तऱ्हेला दोन शेपट्या फुटतात, एक छाप्याची, एक काट्याची. चार तऱ्हा, प्रत्येकीला दोन शेपट्या, आठ. चौथं नाणं आलं की सोळा, वरचे चिंचोके आठव.

आणि एक गंमत, हे आठ तुझ्या मराठीच्या व्याकरणात आधीच आहेत. वृत्त शिकताना गण येतात, यमाचा, मानावा, ताराप, राधिका, जनास, भास्कर, नमन, समरा. तीन अक्षरं, प्रत्येक लघु नाहीतर गुरू, मग गण किती होणार, आठच, नववा कुणाला सापडणार नाही. गुरूला छापा समज, लघुला काटा. मानावा म्हणजे तिन्ही छापे. नमन म्हणजे तिन्ही काटे. बरोबर दोन छापे हवेत तर यमाचा, ताराप, राधिका, तीन निघाले, म्हणून शक्यता आठात तीन. आपल्याकडं पिंगळाच्या छंदशास्त्रात लघु-गुरूच्या सगळ्या तऱ्हा ओळीनं मांडायची रीत आहे, तिला प्रस्तार म्हणतात. म्हणजे मराठीच्या अन् गणिताच्या तासाला तू एकच गोष्ट शिकायलास, फक्त दोन वह्यांत.

प्रश्न : नांदेडला माझे क्लासेस आहेत. "आणि" आलं की गुणा, "किंवा" आलं की मिळवा असं सांगून मुलांकडून गणितं करून घेतो, पण जरा भाषा फिरवली की मुलं गडबडतात. सोपी युक्ती आहे का?

सर, राग मानू नका, ही युक्तीच गडबड करायली. गणितात "आणि" हा शब्द नसतानाही गुणायचं असतं अन् असतानाही मिळवायचं असतं. पोरगं गणित वाचत नाही, शब्द हुडकतंय.

गुणाकार येतो कुठून ते आधी दाखवा, आणि त्याला शेतासारखं उदाहरण नाही. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. त्यातल्या अर्ध्यात सोयाबीन, म्हणजे वीस गुंठे. त्या सोयाबीनच्या पाव भागात पाणी साचलं, म्हणजे पाच गुंठे. एकराच्या मानानं पाच चाळीसांश, म्हणजे आठात एक. अर्ध्याचा पाव, आठवा हिस्सा, गुणाकार आपोआप झाला की. संयुक्त घटनेत, म्हणजे दोन गोष्टी मिळून घडतात तिथं, तेच चाललेलं असतं, पहिल्या घटनेनं रान तोडून दिलं, दुसऱ्या घटनेनं त्या तोडलेल्या रानातला हिस्सा घेतला. अन् मिळवायचं कधी, तर पाणी दोन वेगवेगळ्या तुकड्यांत साचलं असेल तेव्हा. तुकडे एकमेकांवर चढलेले नसले पाहिजेत, नाहीतर तेच गुंठे दोनदा मोजले जातात. हे पोरांना सांगावंही लागत नाही, बांधावरून भांडणं बघितलेली असतात.

मग हे गणित द्या. सकाळी सहाला लाईट गेलेली, शाळेची घाई, डब्यात सुटे मोजे दहा, चार पांढरे अन् सहा निळे, अंधारात दोन उचलले. एकाच रंगाची जोडी मिळायची शक्यता किती? आधी अंदाज विचारा, वर्गातले बरेच जण म्हणतील अर्ध्याच्या वर, दोनच तर रंग आहेत. आता झाडाचं चित्र काढा. पहिली फांदी पांढऱ्याची, दहात चार. तिच्यावरून पुढं परत पांढरा, पण आता डब्यात नऊच राहिले अन् पांढरे तीनच, म्हणून नवात तीन. इथंच निम्मी मुलं परत दहात चार लिहितात, त्यांना म्हणा पहिला मोजा पायात घातलास, तो डब्यात कसा असेल. चार त्रिक बारा, बारा नव्वदांश. दुसरी फांदी निळ्याची, दहात सहा, मग नवात पाच, तीस नव्वदांश. या दोन फांद्या वेगळे तुकडे आहेत, एकाच वेळी दोन्ही घडत नाहीत, म्हणून मिळवा, बेचाळीस नव्वदांश. अर्ध्याला तीन कमीच. फांदीवरून पुढं जाताना गुणायचं, शेवटी हव्या त्या फांद्या गोळा करताना मिळवायचं, आणि चित्र काढल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, क्लासमधे एवढाच नियम ठेवा. वेळ जातो, मान्य आहे. अमेरिकेत 2010 साली आलेल्या कॉमन कोअर अभ्यासक्रमात सातवीलाच हा विषय आहे अन् तिथंही यादी, तक्ता, झाडाचं चित्र अन् प्रत्यक्ष प्रयोग, याच वाटेनं जायला सांगितलंय.

प्रश्न : परभणी जिल्ह्यात शेती आहे. मोबाइलच्या ॲपवर सोमवारी पावसाची शक्यता 50 टक्के आणि मंगळवारी 50 टक्के दाखवायलंय. माझा पोरगा सहावीत आहे, तो म्हणतो, बाबा, दोन्ही मिळून 100 टक्के, म्हणजे दोन दिवसांत पाऊस पक्का. बरोबर आहे का?

दादा, पक्का असता तर काय पाहिजे होतं. पोराला विचारा, बुधवारी पण 50 टक्के असले तर मग दीडशे टक्के पाऊस का? तो स्वतःच हसेल. आधीच्या पत्रात सांगितलं तेच, सोमवारचा अन् मंगळवारचा पाऊस हे एकमेकांवर चढलेले तुकडे आहेत, दोन्ही दिवस पडला तर तो दोनदा मोजला जातो.

अशा वेळी उलटं मोजायचं, पाऊस न पडायचं. सोमवार कोरडा जायची शक्यता निम्मी, त्यातला मंगळवारही कोरडा जायची निम्म्याची निम्मी, पाव. म्हणून निदान एक दिवस पडायची शक्यता पाऊण, 75 टक्के. "निदान एकदा" दिसलं की हे उलटं मोजणंच सोयीचं. हा घोळ पण जुना आहे. फ्रान्समधे द मेरे नावाचा एक सरदार होता, त्यानं फाशाच्या डावाचे प्रश्न पास्कल या गणितीपुढं ठेवले अन् त्यावरून पास्कल आणि फर्मा नावाचा दुसरा गणिती यांच्यात 1654 मधे जी पत्रं गेली-आली तिथून हे शास्त्र धरतात. एक फासा चारदा टाकला तर निदान एकदा सहा यायची शक्यता, पोरगं म्हणेल सहात एक गुणिले चार, म्हणजे 67 टक्के. खरी येते जेमतेम 52 टक्के.

पण दादा तुम्ही शेतकरी आहात म्हणून पुढचं सांगायलाच पाहिजे. हे 75 टक्के तेव्हाच खरे, जेव्हा सोमवारचा मंगळवारवर काही असर नसतो. नाण्याला कालचं आठवत नाही, आभाळाला आठवतं. ढग एकदा धरले की दोन-तीन दिवस धरतात आणि उघाड पडली की तीही लांबते. म्हणून खरा आकडा सहसा 75 च्या खालीच राहणार, 50 कडं सरकलेला. किती खाली ते ॲप सांगत नाही. आणि पाऊस पडला म्हणजे पेरणीजोगा पडला असंही नाही, एक सर आली तरी ॲपच्या लेखी तो पाऊसच. 75 ते 100 मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी विभाग दर साली सांगतो, त्याला टक्केवारीचा पर्याय नाही. पोराला उत्तर 75 सांगा, तिफण मात्र त्यावर काढू नका.

प्रश्न : मी जालना जिल्ह्यातून लिहिते. मला दोन मुली, मोठी आठवीत. तिनं शाळेत गणित केलं की तीन मुलं असतील तर तिन्ही मुलीच असण्याची शक्यता आठात एक. तिनं घरी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि सासूबाई धरूनच बसल्या, "बघ, पुस्तकात पण लिहिलंय, तिसऱ्याला पोरगाच हुईल, आठातलं सात." काय उत्तर देऊ?

ताई, तुमच्या लेकीचं गणित बरोबर आहे, सासूबाईंनी ते चुकीच्या जागी लावलंय. आठात एक हा आकडा पहिलं मूल होण्याच्या आधीचा. तेव्हा आठही फांद्या उभ्या होत्या. आता पहिली मुलगी झाली, चार फांद्या गळाल्या. दुसरी मुलगी झाली, अजून दोन गळाल्या. उरल्या दोन, मुलगी-मुलगी-मुलगी आणि मुलगी-मुलगी-मुलगा. दोनात एक, आठातलं सात कुठंच नाही. आईच्या पोटाला मागचा हिशेब ठाऊक नसतो, दोन झाल्या म्हणून आता तिसऱ्या वेळी फेड करायची असं काही तिथं चालत नाही. अगदी काटेकोर सांगायचं तर जगभरात दर शंभर मुलींमागं एकशेपाचच्या आसपास मुलगे जन्मतात, म्हणजे निम्म्याहून केसभर जास्त, पण दोन मुलींनंतर तो केस काही दोरखंड होत नाही.

आणि मुलगा का मुलगी हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं, आईकडून एक्सच येतो, एक्स का वाय ते बापाचं. हे सासूबाईंना तुम्ही नका सांगू, त्यांच्या लेकाला सांगायला लावा. कुणी "आधीच तपासून घेऊ" म्हणालंच तर 1994 च्या कायद्यानं तो गुन्हा आहे, तिथं शक्यतेचा प्रश्नच नाही.

लेकीला एक काम द्या. मोठ्या कागदावर आठ फांद्यांचं झाड काढू द्या, वरच्या अर्ध्यात पहिली मुलगी, खालच्या अर्ध्यात पहिला मुलगा. मग आजीसमोर बसून म्हणायचं, आजी, मी झाले, अन् खालचा अर्धा कागद मागं दुमडायचा. मग धाकटी झाली म्हणायचं, परत निम्मा दुमडायचा. हातात दोन फांद्यांची पट्टी राहते. आजीनं तरी सातच म्हटलं, तर तिलाच त्या पट्टीवर सात मोजून दाखवायला सांगायचं.